सहावा फ्यूज

बाजाराला आठवड्याची सुट्टी होती, म्हणून त्याने मुद्दाम तोच दिवस निवडला. दुपारची भांडी आवरून झाल्यावर त्याने कन्सोल जुन्या चादरीत गुंडाळला, कापडी पिशवीत ठेवला आणि आईला म्हणाला, "आई, तासाभरात येतो. येताना चालू करूनच आणतो."

आईने मान वर केली नाही. चार दिवस ती त्याच खुर्चीत बसून होती. पुढ्यातला टीव्ही काळा होता आणि तिच्या मांडीवर ते मोठ्या बटणांचं नवं रिमोट होतं. ताटातलं अन्न ती चिवडायची, घासभर खायची आणि ताट बाजूला सारायची. रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. पण रागवायलाही माणसाच्या अंगात काही शिल्लक असावं लागतं.

त्याला सगळे दादाच म्हणत. धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा त्याने ते नाव दिलं, मग आईही तेच म्हणू लागली, आणि पुढे दुकानातली गिऱ्हाइकंही. धाकट्याचं नाव बारक्या. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत, सहा फूट उंच होईपर्यंत, तो बारक्याच राहिला. मग त्याला खोकला लागला. खोकला कसला, छातीतला आजारच तो, पण घरात त्याला खोकलाच म्हणायचे. आठ महिन्यांत खेळ आटोपला. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

बारक्याच्या मागे त्याचा कन्सोल उरला, आणि कन्सोलमध्ये टकलू.

टकलू म्हणजे एका जुन्या खेळातलं जनावर. गोल, केस नसलेलं, धड मांजर नाही धड अस्वल नाही. त्याला वाढवायचं, एवढाच खेळ. बटण दाबून त्याच्यासमोर काही बोललं की ते वाक्य तो लक्षात ठेवायचा आणि पुढे कधीतरी, त्याला वाटेल तेव्हा, बोलणाऱ्याच्याच आवाजात परत म्हणायचा. बारक्याने त्याला दहा वर्षं बोलायला शिकवलं होतं. तिन्हीसांजेला आईला हाक मारावी तशी हाक तो शिकला होता. "आई, जेवलीस का?" शिकला होता. "दादा, पंखा साफ कर रे, तापलाय," हेही शिकला होता.

आईने जन्मात कधी खेळाचं रिमोट हातात धरलं नव्हतं. बारक्या गेल्यावर महिन्याभराने तिने दादाला एवढंच विचारलं, "ते तुमचं टकलू अजून बोलतं का रे?" दादाने चालू करून दिलं. टकलूने आळस दिला आणि बारक्याच्या आवाजात म्हणाला, "आई, जेवलीस का?" त्या दिवशी ती पोटभर जेवली. तेव्हापासून रोज दुपारी तीन वाजता ती खुर्ची ओढून बसायची. तो बोलायचा, ती उत्तर द्यायची. दादाने तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. हे बटण चालू करायचं, आणि मध्ये पडद्यावर काहीही विचारलं तरी घाबरायचं नाही, हिरवं बटण दाबून 'हो' म्हणायचं.

त्याच 'हो'ने घात केला. आईच्या बोटांना जुनं रिमोट जड जायचं, म्हणून दादाने मोठ्या बटणांचं नवं आणलं. ते जोडायला कन्सोल पाच मिनिटं इंटरनेटला लावावा लागला आणि नंतर काढायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी कन्सोलने विचारलं, नवं व्हर्जन आलंय, टाकायचं का? आईने शिकवल्याप्रमाणे हिरवं बटण दाबलं. अर्ध्या तासाने टकलूच्या जागी एक करड्या रंगाची पाटी आली. हा खेळ या व्हर्जनवर चालत नाही. खेळ बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. दाद मागायची कुणाकडे?

दादाचा धंदाच कन्सोल दुरुस्तीचा. बाजाराच्या तळघरात, बारा दुकानांच्या रांगेत, सगळ्यात आतलं दुकान त्याचं. आधी ते उस्तादांचं होतं. त्यांनीच त्याला सोळाव्या वर्षी हाताखाली घेतलं, आणि डोळे अधू झाल्यावर दुकान त्याच्या हवाली केलं. नवं व्हर्जन काढून जुनं टाकून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं महिन्यातून दोन-तीन तरी येत. दादा त्यांना एका दमात समजावून सांगायचा. कन्सोलच्या चिपमध्ये डोळ्यांना न दिसणारे फ्यूज असतात. दर मोठ्या व्हर्जनला कन्सोलची कंपनी त्यातला एक जाळते. जुनं व्हर्जन चालू होताना जळालेले फ्यूज मोजतं, एक जरी जास्त निघाला तरी गप्प बसतं. जबरदस्ती केलीत तर डबा कायमचा मेला समजा. "वर जायला एक बटण पुरतं," तो म्हणायचा, "खाली यायला देव आला तरी जमणार नाही." चार दिवस हे आपलंच बोलणं त्याच्या कानात घुमत होतं.

तळघरात उतरला तेव्हा अकरा शटर बंद होती. दुपार असूनही तिथे उजेड पोचत नसे. जिन्याजवळचा एक दिवा तेवढा चालू होता. त्याने आपलं शटर अर्धं वर केलं, आत वाकून शिरला आणि पुन्हा खाली ओढलं. बंद दुकानात कालच्या सोल्डरचा जळका वास कोंडला होता. टेबलावरचा दिवा लावून त्याने कन्सोल उघडला, चिप वाचायच्या यंत्राच्या वायरी लावल्या.

जळालेले फ्यूज, सहा.

फळीवर पत्र्याचा एक डबा होता. उस्तादांची शिकवण अशी की आधी कॉपी, मग पेचकस. कुठलाही कन्सोल उघडायचा तर आधी त्याच्या चिपची जशीच्या तशी कॉपी काढून ठेवायची. बारक्याचा कन्सोल तर दादाने घरचाच म्हणून किती लाडाने उघडला असेल! डब्यात पाच मेमरी कार्डांवर त्याच्या पाच कॉप्या होत्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि दादाचं अक्षर. पहिली, कन्सोल घरी आला त्या दिवसाची. दादा तेव्हा नुकता कामाला लागलेला, सोळा वर्षांचा. खोकं उघडल्या उघडल्या तो पेचकस घेऊन बसला आणि नऊ वर्षांचा बारक्या "मोडशील, मोडशील" करत रडला. दुसरी बारक्या अकराचा असतानाची, तिसरी चौदाचा असतानाची, चौथी सतराचा असतानाची. पाचवी त्याच्या आजारपणातली. त्या महिन्यात कन्सोलचा पंखाही घरघर करत होता आणि बारक्या हसून म्हणाला होता, "दोघांना एकच रोग झालाय."

पाचवी कॉपी हातात होती. पण ती पाच फ्यूज जळालेले असतानाची, पाचच मागणार, आणि चिपमध्ये जळालेले होते सहा. दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग त्याने वायरी काढायला हात पुढे केला, तोच फोन वाजला.

"झालं का रे?" आईचा आवाज होता. चार दिवसांतला तिचा पहिला शब्द.

नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. "होईल, आई," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने यंत्राकडे पाहिलं. आकडा पाच होता.

वायर सैल असेल म्हणून त्याने ती दाबून बसवली. पाच. यंत्र बंद करून चालू केलं. पाच. एखादा शहाणा माणूस तिथेच उठला असता. दादाही शहाणाच होता, पण आईच्या आवाजाने त्याचा जीव कासावीस झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आधी कॉपी काढली नाही. न जाणो, तेवढ्या वेळात आकडा पुन्हा सहा झाला तर! त्याने थेट पाचवी कॉपी चिपवर चढवली.

कन्सोल चालू झाला. टकलूने आळस दिला, खोकला, आणि बारक्याच्या आवाजात म्हणाला, "दादा, पंखा साफ कर रे, तापलाय."

दादा तिथेच टेबलावर डोकं टेकून रडला.

संध्याकाळी आई दोन वेळचं जेवली. दादाचा जीव भांड्यात पडला. रात्री ताट उचलताना ती म्हणाली, "उद्या येताना त्याचं औषध आण. बाटलीत दोनच चमचे राहिलंय."

"कुणाचं औषध?"

"कुणाचं म्हणजे? बारक्याचं. दुपारभर खोकतोय, ऐकलं नाहीस?"

त्याला वाटलं, चार दिवसांची उपाशी आहे, म्हणून बरळतेय. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती टकलूसमोर बसून त्याची छाती चोळल्यासारखी हवेत हात फिरवायची, पदराने डोळे पुसायची आणि दादाला कोपऱ्यात घेऊन कुजबुजायची, "डॉक्टर माझ्यापासून लपवतायत का रे? खरं सांग, पोर वाचेल ना?" ते प्रश्न तिने दोन वर्षांपूर्वी अगदी याच शब्दांत विचारले होते. तेव्हा तो खोटं बोलला होता. आताही खोटंच बोलला.

डॉक्टरांनी तिला तपासलं. "या वयात धक्क्याने होतं असं," ते म्हणाले. "माणूस मागच्या काळात जातो. वाद घालू नका."

पण दादाला काही वेगळंच उमगलं होतं. पाचव्या कॉपीत शेवटची दोन वर्षं नव्हती. असणार कशी, ती नंतरची! आईकडेही नेमकी तीच दोन वर्षं नव्हती. तो उस्तादांकडे गेला. म्हातारा गॅलरीत बसला होता. दादाने फ्यूजचं सांगितलं. आईचं सांगायला त्याला धीर झाला नाही.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. "जळालेला फ्यूज जुळत नाही," ते म्हणाले.

"मी पाहिलंय, उस्ताद. तीनदा पाहिलंय."

"मग तू जुळवलेला नाहीस. आणि जो तू जुळवला नाहीस..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "त्याला आता हात लावू नकोस. वर नाही, खाली नाही. ऐकतोयस ना?"

दादा हो म्हणाला आणि घरी आला. घरात आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. टकलू एकसारखा खोकत होता. प्रत्येक ढासेला आईचं अंग हलत होतं. पोराचं आजारपण तिने एकदा भोगलं होतं. ते पुन्हा, दिवसामागून दिवस, शेवट माहीत नसताना भोगायला दादानेच तिला नेऊन बसवलं होतं. आणि पाचव्या कॉपीत ते आजारपण संपणारही नव्हतं. ना तो बरा होणार, ना तो जाणार.

हे त्याला बघवेना. उस्तादांचं ऐकायला हवं होतं, हे त्याला पुढे हजारदा वाटलं. पण तुम्ही-आम्ही तरी काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने चौथी कॉपी चढवली. फ्यूज मोजले तेव्हा ते आधीच चार झाले होते, त्याचीच वाट बघत असल्यासारखे.

चौथ्या कॉपीत बारक्या सतरा वर्षांचा होता आणि ठणठणीत होता. टकलू मोठ्याने हसत होता. आईच्या चेहऱ्यावरची काळजी एका दुपारीत पुसली गेली. तिने केस विंचरले, खिडक्या उघडल्या, आणि दादाकडे बघून म्हणाली, "हे काय रे, दाढी कधी वाढवलीस? आणि डोळ्यांखाली काळं केवढं आलंय!" पाच-सहा दिवस घर इतकं हसतं होतं की दादालाही वाटलं, राहू दे असंच. काय बिघडतं?

बिघडलं ते संध्याकाळी. सतरा वर्षांचा मुलगा सहा वाजता घरी यायला हवा, तो येत नव्हता. आई खिडकीत उभी राहायची. सात, आठ, नऊ. मग चपला न घालताच रस्त्यावर उतरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, उंचसा मुलगा दिसला का, पाठीला निळी पिशवी आहे. दादा तिला धरून वर आणायचा. सकाळी ती ते विसरायची आणि संध्याकाळी पुन्हा खिडकीत.

शेवटी त्याने ठरवलं, पुरे. आई रडली तरी चालेल, जेवली नाही तरी चालेल, पण तिला आजच्या दिवसात परत आणायचं. वर जाणं तर सगळ्यात सोपं! बारा वर्षं तो हेच सांगत आला होता. त्याने कन्सोल दुकानात नेला, कंपनीचं नवं व्हर्जन घेतलं आणि चढवलं.

पडदा काळा झाला. काळाच राहिला. तळघरात सुट्टी नव्हती, बाहेर माणसांची वर्दळ होती, शेजारच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने भांडत होतं, आणि दादा त्या काळ्या पडद्यासमोर श्वास धरून बसला होता. मग पंखा फिरला. टकलू दिसला. टकलूचा आवाज बारीक झाला होता. चौदा वर्षांच्या बारक्याचा.

यंत्र सांगत होतं, जळालेले फ्यूज, तीन.

त्याने तिसरी कॉपी डब्यातून बाहेरही काढली नव्हती. चिकटपट्टी जागच्या जागी होती.

डोकं ठिकाणावर नसताना काम करायचं नसतं, हेही उस्तादांनीच शिकवलेलं. पण तो थांबला नाही. यावेळी चौथी कॉपी लावून पाहिली, निदान एक पायरी तरी वर. पडदा पुन्हा काळा. पंखा पुन्हा फिरला. अकरा वर्षांचा बारक्या म्हणाला, "दादा, मला पण पेचकस दे ना."

दोन.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. वर ढकलायला जावं तेवढा हा खाली सरकत होता. त्याने वायरी काढल्या, यंत्र पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावलं आणि कानाला खडा लावला.

घरी आईने दार उघडलं आणि दारातच थांबली. त्याच्या विरळ झालेल्या केसांकडे, चष्म्याकडे बघत राहिली. मग सौम्यपणे म्हणाली, "तुम्ही दादाच्या दुकानातले ना? या. तो यायचाय अजून."

"आई, मीच..." एवढंच तो बोलला. तिच्या डोळ्यांत भीती उमटलेली दिसली आणि त्याने पुढचे शब्द गिळले. "हो," तो म्हणाला. "दुकानातलाच. हा कन्सोल द्यायला आलो."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा राहिला. दादाने पाठवलंय, दादाला बाहेरगावी काम आहे, तोवर मी बघतो, असं काहीबाही सांगून. ती कधी मानायची, कधी नाही. झोपताना तिच्या खोलीला आतून कडी असायची. एकदा त्याने कन्सोल बंद करून माळ्यावर ठेवला. त्या दिवशी ती काळ्या टीव्हीसमोर बसली आणि पाण्याचा घोटही घेईना. दुसऱ्या सकाळी त्यानेच तो काढून पुन्हा जोडला. इंटरनेटची वायर मात्र त्याने कापूनच टाकली होती. आता निदान कुणी काही विचारायला येणार नाही, असं त्याला वाटलं.

दुपारी सव्वातीनला दुकानातला फोन वाजला.

"दादाचं दुकान का?" आई बोलत होती. घाबरलेली नव्हती, उलट खुशीत होती. "त्याला निरोप द्याल? म्हणावं, तुझ्या त्या डब्याने आज मला विचारलं. लिहून आलं होतं, जुनं व्हर्जन मिळतंय, टाकायचं का म्हणून."

दादाच्या हातातला पेचकस खाली पडला. "तुम्ही काय केलंत?" त्याने विचारलं. "काही दाबू नका... प्लग काढा, ऐकताय का? आधी प्लग..."

"अहो, घाबरता कशाला? मी हो म्हटलं. दादाने शिकवलंय मला. काहीही विचारलं तरी हिरवं बटण दाबायचं."

त्याने तिला शिकवलेलं सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं. त्याचा चेहरा गेला होता, दहा वर्षं गेली होती. एवढं एक तेवढं राहिलं होतं.

शटर उघडंच टाकून तो धावला. पत्र्याच्या डब्यातल्या पहिल्या कॉपीत काय आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काहीच नाही. कन्सोल घरी आला त्याच दिवशी काढलेली ती कॉपी. त्यात एकही खेळलेला खेळ नव्हता, शिकवलेला एकही शब्द नव्हता. बारक्याचा आवाज त्यात कुठेच नव्हता. जिने चढताना त्याच्या मनात एक वेडी आशाही होती. टकलू मुका झाला, तर आईला धरून ठेवणारं तिथे काही उरणार नाही. कदाचित ती सुटेल.

त्याने किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि अडकलं. आतून साखळी होती.

"कोण आहे?" आई आली. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती. दुकानातला माणूस म्हणूनही नव्हती. "काय हवंय?"

"आई, साखळी काढ."

"कुणाची आई? चुकलात तुम्ही. आणि हळू बोला, धाकटा आत्ताच झोपलाय."

तिच्या खांद्यामागे टीव्ही दिसत होता. पडद्यावर टकलू बसला होता, अगदी लहान, नुकता डोळे उघडलेला. तो काहीच बोलत नव्हता. त्याला काही येतच नव्हतं. मोठ्या बटणांचं रिमोट आईच्या हातात होतं, आणि बोलायचं बटण तिच्या अंगठ्याखाली दबलं गेलेलं होतं. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दादाने कपाळ दाराच्या कडेला टेकलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "आई," तो म्हणाला, "मी आहे गं. दादा."

आईने मान हलवली. तिला त्या अनोळखी माणसाची कीव आली असावी. ती काही बोलणार, तोच आत टकलूने तोंड उघडलं.

"आई, मी आहे गं. दादा."

शब्द त्याचेच होते, पण आवाज त्याचा आत्ताचा नव्हता. नुकता फुटलेला, धड पोराचा नाही, धड बाप्याचा नाही. सोळाव्या वर्षी तो असाच बोलायचा. बारक्या त्यावरून त्याला चिडवायचा.

आई गर्रकन वळली. तिचा चेहरा असा उजळला की दादाने तो तसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "आलास का रे?" ती टीव्हीकडे बघत म्हणाली. "केव्हाची वाट बघतेय! हातपाय धू आधी."

"आई, इकडे बघ, मी इथे..." दादा ओरडणार होता. पण तोंडातून निघणारा प्रत्येक शब्द आत जाऊन त्या जनावराला मिळणार, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने ओठ घट्ट मिटले. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दुपारचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. त्याने श्वाससुद्धा हळू घेतला. आता तो काही बोलणार नव्हता, आणि टकलूला त्याच्या एका वाक्याशिवाय काही येत नव्हतं.

टकलूने मान वळवली. टीव्हीतून, आईच्या खांद्यावरून, तो फटीकडे बघत असल्यासारखा दिसला.

"आलोच, आई," तो दादाच्या त्या जुन्या आवाजात म्हणाला. "तू आधी दार लावून घे. बाहेर कुणीतरी उभं आहे."

"हो रे बाळा," आई म्हणाली.

दार बंद झालं. वरची कडी लागली, मग खालची. दादाने दारावर हात ठेवला, पण वाजवायचा त्याला धीर होईना. आत पावलं फिरली, स्वयंपाकघराकडे गेली. मग जमिनीवर ताटं मांडल्याचा आवाज आला. त्याने कान देऊन मोजली. एक. दोन. तीन. थोड्या वेळाने जेवणाचे आवाज सुरू झाले, तिन्ही ताटांवरून.